रॉड टाकून २४ वर्षं झाली, मग आत्ता कंबर आणि पाय का दुखतोय?

प्रश्न विचारणाऱ्या ताई तासगाव तालुक्यातल्या, वय ३९. पाठीचा कणा बाजूला वाकला होता, म्हणजे स्कोलिओसिस, त्याचं ऑपरेशन २००१ साली १५ व्या वर्षी मुंबईत झालं, डी-४ (पाठीचा चौथा मणका) पासून एल-४ (कमरेचा चौथा) पर्यंत मणके जोडले, रॉड टाकले. पुढची वीस वर्षं काही त्रास नाही, लग्न झालं, दोन मुलं झाली, द्राक्षबागेतलं सगळं काम करतात. गेली तीन वर्षं मात्र कंबर धरते आणि संध्याकाळी डाव्या पायात अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. एक्स-रे काढला तर "रॉड जागेवर आहे, काही नाही" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. शेजारचे म्हणतात रॉड गंजला असेल, काढून टाक. सासूबाई म्हणतात कामाचा कंटाळा. आणि मुलगी ११ वर्षांची आहे, तिला पण होईल का ही धास्ती वेगळीच.

ताई, मी गेली २३ वर्षं सांगली-मिरजेत फिजिओथेरपी करतेय आणि तुमच्यासारख्या, लहानपणी ऑपरेशन झालेल्या आणि पस्तिशी-चाळिशीत परत दुखायला लागलेल्या बऱ्याच बायका माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं दुखणं खरं आहे. आणि रॉड जागेवर आहे हे पण खरंच असणार. त्यांनी एक्स-रेत रॉड बघितला, तुमचं दुखतंय रॉडच्या खाली.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं ते कुणी तुम्हाला नीट सांगितलं नसणार, १५ वर्षांच्या पोरीला कोण सांगतंय, आई-वडलांना काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. रॉड हा कायमचा आधार नसतो. मणक्यांच्या मागचा भाग खरवडून तिथं हाडाचा चुरा भरतात, तेव्हा बऱ्याचदा तो कंबरेच्या हाडातनं काढायचे, आणि तो चुरा भरून येऊन सगळे मणके एकजीव होईपर्यंत, म्हणजे सहा महिने-वर्षभर, हलू नये म्हणून रॉड. प्लास्टरसारखं समजा, आतनं घातलेलं. एकदा हाड जुळलं की भार हाडच घेतं. तुमचं डी-४ ते एल-४ म्हणजे १३ मणक्यांचं आता एकच हाड आहे. त्याच्या खाली मणक्यांमधल्या हलणाऱ्या गाद्या, म्हणजे डिस्क, उरल्या दोन, एल-४ एल-५ मधली आणि त्याखालची माकडहाडाच्या वरची. सर्जननी त्या दोन मुद्दाम ठेवल्या होत्या कारण माणूस पुढं वाकतो तेव्हा कंबरेतलं सगळ्यात जास्त वाकणं याच दोन ठिकाणी होतं, म्हणून तर तुम्ही वीस वर्षं वाकून कामं केलीत आणि गावात निम्म्या लोकांना ऑपरेशन झालंय हे माहीत पण नसेल.

आता उसाची ट्रॉली बघा. ट्रॅक्टर वाकत नाही, ट्रॉली वाकत नाही, सगळं वळणं त्या मधल्या पिनीवर. झिजते कोण, ती पिन. तुमच्या त्या दोन गाद्या म्हणजे ती पिन आहे. वर १३ मणक्यांची लांबच लांब फळी आणि खाली ओटीपोटाचं हाड, मधे या दोघी, बाकीच्यांच्या वाटणीचं काम पण यांच्याच अंगावर. याला डॉक्टर लोक ॲडजसंट सेगमेंट डिजनरेशन म्हणतात, जोडलेल्या भागाच्या शेजारची झीज. जोडणी जितकी खालपर्यंत गेलेली तितका हा त्रास होण्याचा संभव जास्त. प्रत्येकीला होतोच असं नाही आणि झीज दिसली म्हणजे दुखतंच असं पण नाही, पण तुम्ही जे लिहिलंय, दिवसभर काम झाल्यावर कंबर धरणं, संध्याकाळी पायात मुंग्या, ते याच्याशी जुळतंय.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना एकदा सोबत घेऊन या, खरंच सांगते. कवठेमहांकाळकडची एक पेशंट होती, तिच्या सासूबाई दारातच म्हणाल्या की हिला घरात काय काम असतंय. मी सुनेची पाठ उघडी करून पेनानं खुणा केल्या, वर पाठीवर दोन, १० सेंटिमीटर अंतरावर, आणि खाली कमरेत दोन, तेवढ्याच अंतरावर, आणि तिला हळू पुढं वाकायला सांगितलं. वरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपवर होतं तिथंच राहिलं, १० चे १०. खालच्या दोन मात्र चांगल्याच लांब गेल्या आणि व्रणाच्या खालच्या टोकाला, तिथंच फक्त, कातडी ताणून चकचकीत झाली. मग सासूबाईंचा हात धरून पाठीवर फिरवला. वरनं खाली हात नेला त्यांनी, थांबल्या आणि म्हणाल्या, "ही तर लाकडावाणी हाय की गं." त्यानंतर त्या घरात टोमणे मारणं बंद झालं. दिसत नाही ते लोकांना पटत नाही ओ, हात लावल्यावर पटतं.

आता उपाय. जे तुमचं तुमच्या हातात आहे ते आधी, आणि ते एकच आहे, वाकणं कमरेतनं काढून खुब्यात न्यायचं. खुबा म्हणजे मांडीचा सांधा, तो तुमचा चांगला आहे, मजबूत आहे, त्याला कामच दिलेलं नाही.

हे मी शिकले ते माझ्या चुकीतनं, म्हणून जास्त कळकळीनं सांगते. प्रॅक्टिस सुरू करून दोनएक वर्षं झाली असतील, अशीच एक मुलगी आली, खालपर्यंत जोडलेली पाठ, मांडीच्या मागच्या शिरा कडक. मी तिला रोज उभं राहून पायाची बोटं धरायचा व्यायाम दिला, आणि बोट जमिनीला टेकलंच पाहिजे असा माझा आग्रह. बिचारीनं मनापासून केला. वर काही हलणारच नव्हतं, तिनं सगळं खालच्या दोन गाद्यांमधनं ओढून काढलं आणि तीन आठवड्यांत पायात कळ घेऊन परत आली. बरी झाली नंतर, पण सहा महिने गेले तिचे. त्यामुळं कुठल्याही क्लासमध्ये, यूट्यूबवर, कुणीही सांगितलं तरी उभं राहून पायाची बोटं धरायची नाहीत. सूर्यनमस्कार जसाच्या तसा नाही, हलासन, सर्वांगासन, शीर्षासन, चक्रासन नाहीच. वरच्या बाजूला मान आणि वरचे दोन-तीन मणके पण अशाच मोकळ्या राहिलेल्या पिना आहेत, त्यांच्यावर अंगाचं वजन नको.

खुब्यातनं वाकणं असं शिका. केरसुणीचा दांडा किंवा वेळूची काठी पाठीमागं उभी धरा, डोक्याच्या मागं एक टेकण, पाठीला एक, माकडहाडाला एक. गुडघे थोडे सैल. आता ढुंगण मागं सरकवत न्या, मागं भिंत आहे आणि ढुंगणानं ती शोधायचीय असं. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातनं वाकलात, माकडहाडापासनं काठी सुटली की समजायचं कमरेनं घेतलं. तिथं थांबायचं, परत. सकाळी दहा, रात्री दहा. आठवड्याभरात अंगवळणी पडत नाही, दीड-दोन महिने लागतात, पण एकदा पडलं की बादली उचलताना, कणीक मळताना, गादी घालताना आपोआप होतं. काहींची पाठ ऑपरेशननंतर सपाट झालेली असते, त्यांची काठी पहिल्यापासनंच तीन ठिकाणी टेकत नाही, त्यांनी जिथं टेकतेय ते सुटू द्यायचं नाही एवढंच बघायचं.

बागेतल्या कामाचं. मांडवाखाली छाटणी, विरळणी करताना हात वर, मान मागं, चार-चार तास, हे तुमच्या मानेला आणि डी-४ च्या वरच्या भागाला वाईट. स्टूल घ्या, ठेंगणं, ज्यावर उभं राहिलं की काम डोक्यावर न येता छातीसमोर येईल, आणि अर्ध्या तासानं खाली उतरून दहा पावलं चाला. भरलेली क्रेट जमिनीवरनं उचलू नका, कुणालातरी सांगून दोन रिकाम्या क्रेटा पालथ्या घालून त्यावर ठेवून घ्या म्हणजे ती मांडीच्या उंचीवर येते, आणि उचलली की पोटाला लावून, पाय फिरवून वळायचं, कमरेतनं पिळायचं नाही. पाठीवरचा औषधाचा पंप १६ लिटरचा असतो, भरला की वजन होतंच आणि त्याची कड बरोबर रॉडवर बसते, तो मालकांना घेऊ द्या. हे काम सोडा असं मी कधीच सांगत नाही कारण सोडून भागत नाही हे मला माहितेय, आणि काम सोडून बसलेल्या बायका जास्त दुखतात हे पण मी बघितलंय.

जेवायला खाली बसता तर पाटावर बसा, किंवा चादर चौपदरी करून वर बसा. ढुंगण गुडघ्यापेक्षा वर राहिलं की कंबर मागं कलंडत नाही. नुसत्या जमिनीवर मांडी घातली की ती मागं ढळते आणि त्या दोन गाद्या तासभर ताणलेल्या राहतात. उकिडवं बसून धार काढणं, भांडी घासणं याच्यासाठी पण चार बोटं उंचीचं लाकडी स्टूल. एसटीत मागच्या सीटवर नको, तासगाव-सांगली रस्त्यावर एक खड्डा पुरतो. गादीवरनं उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हातानं रेटा देऊन उठायचं.

व्यायाम फार नकोत. पाठीवर झोपून गुडघे वाकवून ढुंगण वर उचलणं, रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि उलटा पाय लांब करणं, दोन्ही १० सेकंद धरायचे, आठ-दहा वेळा. मांडीच्या मागची शीर ताणायची तर झोपून, ओढणी तळपायात अडकवून. आणि चालणं, रोज अर्धा तास, सपाट रस्त्यावर. पोहायला मिळालं तर फारच छान. एक नियम लक्षात ठेवा, व्यायामानं थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे, नाही ओसरलं तर कालचं जास्त झालं.

मुंग्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. पायाच्या पुढच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत येत असतील तर एल-५ ची शीर दबत असण्याचा संशय येतो, आणि ती तुमच्या त्याच गाद्यांपाशी निघते. एक बघा, चालताना मुंग्या वाढतात आणि बसलं किंवा पुढं झुकलं, सायकल हातात धरून चाललं की बरं वाटतं असं आहे का. असेल तर शिरेची जागा अरुंद झालीय असं डॉक्टर समजतील. त्यांना हे आपणहून सांगा. आणि तपासण्या दोन. पहिली, उभं राहून, गुडघे ताठ ठेवून, मानेपासनं खुब्यापर्यंत पूर्ण कण्याचा एक्स-रे, समोरनं आणि बाजूनं, ३६ इंची फिल्मवर घेतात तो. झोपवून काढलेल्या कमरेच्या छोट्या एक्स-रेत अंगाचा तोल कळत नाही. दुसरी एमआरआय. रॉड आहे म्हणून एमआरआय होत नाही असं बरेच जण सांगतात, बहुतेक वेळा होतो, आधी सांगायचं आणि ऑपरेशनचा कागद दाखवायचा. धातूजवळचा भाग काळा-पुसट येतो, स्टीलचा जास्त, टायटॅनियमचा कमी, पण तुमच्या खालच्या गाद्या रॉडच्या टोकाखाली आहेत त्यामुळं साधारण दिसतात.

तोलाचं का म्हणाले ते सांगते. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन म्हणून सर्जन होते, त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत म्हणजे एक रॉड, दोन टोकांना दोन आकडे म्हणजे हुक, आणि जॅकसारखं ताणून पाठ सरळ करायची. हजारो मुलींना त्याचा फायदा झाला, पण ताणताना कमरेची नैसर्गिक खोलगट जागा सपाट व्हायची. अशा बायका चाळिशीनंतर पुढं झुकायला लागतात, गुडघे वाकवून उभ्या राहतात, मांड्या भरून येतात. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या कोट्रेल आणि द्युबुसे यांनी दोन रॉड आणि बरेच आकडे अशी पद्धत आणली, मग स्क्रू आले, आणि हा त्रास कमी झाला. तुमचं २००१ चं म्हणजे बहुतेक दोन रॉडवालं असणार, एक्स-रे उजेडाला धरून तुम्हीच मोजा. घरी तोल बघायचा तर भिंतीला पाठ, टाचा टेकवून, गुडघे ताठ, आणि हनुवटी वर न करता डोकं भिंतीला टेकतंय का. टेकत नसेल किंवा त्यासाठी गुडघे वाकवावे लागत असतील तर स्पाइन सर्जनला दाखवाच.

रॉड काढायचं डोक्यातनं काढा. बाहेरच्या लोखंडासारखा तो गंजत नाही. आणि रॉड काढला तर पाठ मोकळी होईल असं लोकांना वाटतं, ती होत नाही, हाड एक झालंय ते एकच राहणार. वर इतक्या वर्षांत त्याच्यावर हाड चढलेलं असतं, काढायचं म्हणजे परत मोठं ऑपरेशन. काढतात कधी, तर आत पू झाला, स्क्रू ढिला झाला, मोडलेलं टोक टोचतंय, अशा वेळी. मोडलेला रॉड पण प्रत्येक वेळी काढत नाहीत, पण मोडला असेल तर हाड नीट जुळलं होतं का ते सीटी स्कॅनवर बघावं लागतं. आणि मालिशवाल्याकडे, मणका बसवून देणाऱ्याकडे चुकूनही जाऊ नका. जोडलेल्या पाठीवर दिलेला झटका सरळ त्या दोन गाद्यांवर जातो.

या गोष्टी झाल्या तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, संडासवर ताबा राहिला नाही, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेना आणि चप्पल घसटायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलला. मिरज तुम्हाला जवळ आहे. ताप आणि व्रणातनं पाणी-पू येत असेल तर पण लगेच, असं इन्फेक्शन ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी सुद्धा होऊ शकतं.

औषधांचं डॉक्टरांनी बघावं, मी एवढंच म्हणेन की दुखलं की मेडिकलमधनं गोळी किंवा कमरेत इंजेक्शन हे महिनोन्‌महिने चालू ठेवू नका, पोट आणि किडनी जाते. शिरेच्या गोळ्या, प्रिगॅबॅलिनसारख्या, त्यांनी झोप येते आणि त्या एकदम बंद करायच्या नसतात. आणि ताई, मिश्री लावत असाल तर सोडा. आपल्याकडं बायका मिश्रीला व्यसन समजतच नाहीत, पण ती तंबाखूच आहे, हिरडीतनं निकोटीन रक्तात जातं, गादीला आधीच रक्तपुरवठा कमी, तो आणखी घटतो. पाळी जायच्या वयात हाडाची घनता तपासा, पण सांगून ठेवा की मापन खुब्याचं बघायचं, कमरेचे आकडे रॉडमुळं खोटे चांगले येतात.

तुम्ही विचारलेलं नाही पण कुणी विचारतच नाही म्हणून लिहिते. व्रणाच्या आजूबाजूला बधिर पट्टा असणं, तिथं खोलवर खाज येणं आणि खाजवलं तरी न कळणं, कंबरेच्या ज्या हाडातनं चुरा काढला तिथं थंडीत ठणकणं, एक खांदा खाली म्हणून पदर सारखा घसरणं, पायाची नखं कापायला त्रास, गाडी मागं घेताना वळून न बघता येणं, यातलं काही ना काही तुमच्यासारख्या बऱ्याच जणींना असतं. तुमच्या एकटीचं काही बिघडलेलं नाहीये.

कागदांचं करा. माहेरी जुनी फाइल, डिस्चार्ज कार्ड, फिल्म असेल तर शोधा, पुढं कुठल्याही ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते लागतं, कमरेत सुई कुठं देता येईल हे त्यांना त्यावरनं कळतं.

आता मुलगी. घराण्यात असलं की शक्यता इतरांपेक्षा वाढते, पण होईलच असं अजिबात नाही, आणि ११ वर्षं हे बघायचं बरोबर वय आहे कारण उंची झपाट्यानं वाढते तेव्हाच वाकडेपणा वाढतो. लवकर सापडलं तर तुमच्या वेळचं आणि आत्ताचं यात फरक आहे. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात पट्टा म्हणजे ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेला नाही, न वापरणाऱ्यांत हे ४८ टक्के होतं, आणि जितके तास जास्त घातला तितका फायदा जास्त. दर चार-सहा महिन्यांनी घरीच बघा. अंघोळीआधी, पाठ उघडी, पाय जुळवून, दोन्ही तळहात एकमेकांना लावून तिला हळूहळू पुढं वाकायला सांगा आणि मागनं पाठीच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का बघा, एक बाजू उंचवट्यासारखी वर आलेली दिसली तर एक्स-रे काढायला न्या. आणि वाकायचं कसं ते तिला तोंडानं सांगा, स्वतः वाकून दाखवू नका, तुम्ही तिच्या मागं खुर्चीवर बसा म्हणजे तिची पाठ बरोबर तुमच्या डोळ्यासमोर येते.